जुनी वॅगनआर तीनचार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, अल्टरनेटर बदलायचा का?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी वॅगनआर २००८ ची, पेट्रोल, आम्ही सेकंड हँड घेतलेली. रविवारी रात्री खाली पार्किंगमध्ये लावली की बुधवारी गुरुवारी सेल्फ मारायला जावं तर नुसतं टकटकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, मग धक्का नाहीतर जंपर. रोज चालवली तर कसलाच त्रास नाही, पहिल्या सेल्फला चालू होते. बॅटरी ३५ एएच (ॲम्पिअर-अवर) ची आहे, दिवाळीच्या आसपास नवीनच टाकली कारण सगळे म्हणाले बॅटरीच गेली असणार, पण नवीन टाकूनही तेच.

बॅटरीवाल्याने मशीन लावून बघितलं, म्हणाला बॅटरी ठणठणीत आहे. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) गेलाय, बदलून टाकू. घरी साधा डिजिटल मल्टिमीटर आहे त्यावर बघितलं तर गाडी चालू असताना १४.२ व्होल्ट येतं, एसी आणि हेडलाइट लावून १३.८. गाडी चालवून आल्यावर बंद करून सकाळी बघितलं तर १२.४ आणि तिसऱ्या दिवशी ११.८ च्या खाली. आईला आठवड्यात कधीही दवाखान्यात न्यावं लागतं त्यामुळे गाडी ऐनवेळी चालू होणं फार गरजेचं आहे. शेजारचे काका म्हणतात रोज रात्री टर्मिनल काढून ठेव. ते करतोय पण असं किती दिवस करणार. नेमकं काय खातंय ते घरच्या घरी शोधता येईल का आणि अल्टरनेटर बदलायचा का?

मुळशी_राइडर:
१४.२ येतंय म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय दादा, पैसे घालवू नका एवढ्यात. लोड टाकल्यावर पण १३.८ म्हणजे छानच आहे. गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय हे नक्की. डिकीचा दिवा बघा आधी, मोबाईलचा कॅमेरा रेकॉर्डिंगला लावून आत ठेवा आणि डिकी बंद करा, मग व्हिडिओ बघितला की कळतं दिवा विझतो का नाही. ५ वॉटचा बल्ब म्हणजे ०.४ ॲम्पिअर, तेवढ्याने तुमची बॅटरी आरामात बसेल.

अण्णा_ऑटो_इलेक्ट्रिकल:
सातपूरकर, आधी एक सांगतो, अल्टरनेटरला आत्ता हात लावू देऊ नका. चार्जिंग बरोबर असून अल्टरनेटर बॅटरी खाऊ शकतो, आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक झाला की उभ्या गाडीत उलटा करंट जातो, हे खरं आहे, पण ते मोजून ठरवायचं असतं, अंदाजाने नाही. आमच्या धंद्यात हाच सगळ्यात मोठा घोळ आहे, बॅटरी बदलली नाही भागलं, अल्टरनेटर बदलला नाही भागलं, मग सेल्फ खोलला, आणि गिऱ्हाइकाचे दहाबारा हजार गेल्यावर कळतं की एक वायर चुकीच्या जागी जोडली होती. मीटर चारपाचशे रुपयांत येतो आणि तुमच्याकडे तर आहेच, तर मोजा.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच बरंच कळतंय. भरलेली बॅटरी रात्रभर शांत राहिल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे संपलीच. तीन दिवसांत पाऊण वरून शून्यावर म्हणजे ३५ एएच मधले पंचवीस एक एएच गेले. बहात्तर तासांनी भागा, ०.३५ ॲम्पिअरच्या जवळपास येतं. म्हणजे मीटर लावल्यावर तुम्हाला तीनशे ते चारशे मिलिॲम्प दिसायला पाहिजे, याच्या फार वेगळं आलं तर मोजण्यात काहीतरी चुकतंय समजा. इतक्या जुन्या गाडीला वीसतीस मिलिॲम्प नॉर्मल आहे, घड्याळ, स्टिरिओची मेमरी, इंजिनचा कॉम्प्युटर यांना तेवढं लागतंच. ५० पर्यंत सोडून देतो आम्ही. त्याच्या वर असेल तर शोधायचं.

आता कसं मोजायचं. गाडी बंद, चावी काढून खिशात, बॉनेट उघडं, दारं लावलेली. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असतो म्हणून ड्रायव्हरचं दार उघडं ठेवावं लागेल, तर दाराच्या चौकटीत जे छोटं बटण असतं ते टेपने दाबून ठेवा म्हणजे गाडीला वाटेल दार बंद आहे. मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात घाला, मिलिॲम्पच्या भोकात नाही, तिथला फ्यूज एका झटक्यात उडतो आणि मग मीटर शून्य दाखवतो आणि आपण समजतो लीकेज नाही. नॉब डीसी ॲम्पिअरवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल पिन निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पवर, दोन्ही मगरचिमट्याने घट्ट लावा आणि मग १० नंबरच्या पान्याने क्लॅम्प ढिला करून अलगद वर उचला, चिमटे सुटू न देता. असं केलं की करंट एक क्षण पण तुटत नाही. तुटला तर आतले कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात आणि सुरुवातीला रीडिंग खूप जास्त दिसतं. पॉझिटिव्हला पाना लावायचा नाही, पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. आणि मीटर लावलेला असताना कोणीही चावी फिरवायची नाही, सेल्फ शंभर ॲम्पिअरच्या वर ओढतो, मीटर जळेल.

मग अर्धा तास थांबा. खरंच थांबा, चहा घेऊन या. रीडिंग हळूहळू उतरून एका जागी स्थिर होतं, तो आकडा लिहून ठेवा. मग एकेक फ्यूज काढत जा, आधी डॅशबोर्डखालचे मग बॉनेटखालचे, प्रत्येक वेळी मीटर बघा आणि फ्यूज त्याच जागी परत लावा (मोबाईलवर फोटो काढून ठेवा आधी). ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल त्या लाइनवर चोर आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं, नसेल तर गाडीच्या पुस्तकात असतं.

अजून एक, टर्मिनल लावताना ठिणगी पडते म्हणून लीकेज आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चांगल्या गाडीत पण बारीक ठिणगी पडतेच. आणि गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर चेक करायची जुनी पद्धत काही गॅरेजात अजून चालते, ती तुमच्या गाडीवर करू देऊ नका. डायनॅमोच्या जमान्यात चालून जायचं, आता व्होल्टेज उसळलं की इंजिनचा कॉम्प्युटर जातो आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग आहे.

टेस्टलॅम्प:
अण्णांची पद्धत बरोबरच, फक्त एक पर्याय सांगतो. नवीन गाड्यांमध्ये फ्यूज काढला आणि लावला की मॉड्यूल (आतला छोटा कॉम्प्युटर) जागं होतं आणि पुन्हा झोपायला वीस मिनिटं ते तास घेतं, त्यामुळे फ्यूज न काढताच बघता येतं. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे पॉइंट असतात, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून दोन पिना त्या दोन पॉइंटवर टेकवायच्या. करंट जात नसेल तर ०.०, जात असेल तर ०.१, ०.५, १.० असं काहीतरी दिसतं. १० ॲम्पिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे अंदाजे १३० मिलिॲम्प, २० च्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास ३००, कारण जाड फ्यूजचा रेझिस्टन्स कमी असतो. यात बॅटरीची केबल पण काढावी लागत नाही. २००८ च्या वॅगनआरला फ्यूज काढून बघितलं तरी चालेल, पण ज्यांच्याकडे २०१५ नंतरच्या गाड्या आहेत त्यांनी हे करावं.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा) वापरणार असाल तर डीसी मोजणारा आहे का बघा, घरगुती वायरमनकडचे बरेचसे फक्त एसी मोजतात, ते इथे काही कामाचे नाहीत.

सातपूरकर:
अण्णा, टेस्टलॅम्प, दोघांचे मनापासून आभार, एवढं समजावून कोणीच सांगितलं नव्हतं. आज सकाळी केलं. डिकीचा दिवा विझतो, व्हिडिओत दिसलं. मीटर लावल्यावर पहिल्यांदा १.६ दाखवलं मग थोड्या वेळाने उतरून ०.३९ वर आलं आणि तिथेच राहिलं, अर्ध्या तासाने पण ०.३९. म्हणजे तुमचा हिशोब अगदी तंतोतंत. पण आता गोची अशी की मी डॅशबोर्डखालचे सगळे फ्यूज एकेक करून काढले, बॉनेटखालचे पण काढले, एका फ्यूजला ०.३९ चं ०.३७ झालं तेवढंच, बाकी कशानेच हलत नाही. स्टिरिओ पण ओढून प्लग काढून बघितला. आता हे अल्टरनेटरच आहे का मग?

अण्णा_ऑटो_इलेक्ट्रिकल:
वा, हे फार चांगलं काम केलंत. ज्या फ्यूजला दोन पॉइंट उतरलं ती मेमरीची लाइन, ती नॉर्मल. बाकी काही हललं नाही याचाच अर्थ करंट फ्यूज बॉक्समधून जातच नाहीये, बॅटरीवरून थेट कुठेतरी जातोय. थेट जाणाऱ्या गोष्टी मोजक्याच. एक सेल्फची जाड केबल, दुसरी अल्टरनेटरची जाड वायर, आणि तिसरी म्हणजे मागच्या मालकाने बाहेरून जे काही बसवलं असेल ते. सेकंड हँड गाडी म्हटल्यावर माझा पहिला संशय तिसऱ्यावर.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पकडे नीट बघा, टॉर्चच्या उजेडात. कंपनीच्या केबलशिवाय एखादी जास्तीची वायर तिथे नटाखाली दाबलेली आहे का? साधारण लाल असते, थोड्या अंतरावर एक काचेचा किंवा प्लॅस्टिकचा फ्यूज होल्डर असतो, आणि ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून आत केबिनमध्ये जाते. हॉर्नचा रिले, फॉग लॅम्प, सिक्युरिटी अलार्म, ॲम्प (स्टिरिओचा ॲम्प्लिफायर), रिव्हर्स कॅमेरा, काहीही असू शकतं. मीटर लावलेला ठेवून त्या वायरचा फ्यूज काढा आणि बघा.

तसं काही नाहीच सापडलं तर मग अल्टरनेटर. त्यासाठी आधी बॅटरीचं निगेटिव्ह पूर्ण काढायचं, मग अल्टरनेटरच्या मागची जाड वायर नट खोलून बाजूला करायची आणि तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, कारण बॅटरी परत जोडली की त्या टोकाला बारा व्होल्ट असतात आणि ती बॉडीला लागली तर जाळ होईल. मग परत मीटर. आकडा पडला तर डायोड लीक, आणि त्यावेळी पण अख्खा अल्टरनेटर बदलायची गरज नसते, डायोड प्लेट बदलून मिळते.

मुळशी_राइडर:
बॅटरीचा वरचा भाग पण पुसून घ्या. ओल आणि ॲसिडची धूळ साचली की दोन खुंट्यांमध्ये त्यावरूनच थोडा करंट जातो, पावसाळ्यात तर हमखास. मीटर व्होल्टवर ठेवून एक पिन निगेटिव्हला आणि दुसरी प्लॅस्टिकच्या झाकणावरून फिरवायची, एकदोन व्होल्ट दिसले तर समजा वरून लीकेज आहे. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पुसायचं, झाकणाच्या भोकातून आत जाऊ द्यायचं नाही. याने ०.३९ होणार नाही हे मान्य, पण करायला हवं. आणि बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडल्यात का ते पण बघून घ्या एकदा.

सातपूरकर:
सापडलं!! पॉझिटिव्हच्या नटाखाली खरंच एक जाड लाल वायर आहे, इन्सुलेशन टेप लावून कंपनीच्या वायरिंगला इतकी व्यवस्थित बांधलेली की आतापर्यंत कोणाच्याच लक्षात आली नाही, बॅटरी बदलणाऱ्याच्या पण नाही. ती डॅशबोर्डखालून कार्पेटच्या आतून मागे जाते आणि पुढच्या डाव्या सीटखाली एक ॲम्प निघाला. गाडीत वूफर वगैरे काहीच नाही, आधीच्या मालकाने स्पीकर काढून नेले असणार आणि ॲम्प तिथेच राहिला. कार्पेट उचललं तर त्याचा छोटा लाल दिवा चालू. त्या वायरचा फ्यूज काढला आणि मीटरवर ०.३९ चं ०.०२ झालं. आईला बोलावून दाखवलं.

आता प्रश्न असा की ॲम्प स्टिरिओ बंद झाल्यावर पण चालू का राहतो? तो खराब आहे का? आणि वायर नुसती कापून टाकू का?

टेस्टलॅम्प:
ॲम्प बहुतेक खराब नाही, जोडणी चुकीची. ॲम्पला तीन वायरी लागतात, पॉवर, अर्थ आणि रिमोट. रिमोटला स्टिरिओकडून बारा व्होल्ट मिळाले की ॲम्प जागा होतो, स्टिरिओ बंद झाला की व्होल्ट जातात आणि ॲम्प झोपतो. स्टिरिओच्या मागून ती निळी किंवा निळी पांढरी वायर येते. ती ओढत आणायचा कंटाळा केला की लोक रिमोटची वायर तिथेच पॉवरला जोडून टाकतात, मग ॲम्प चोवीस तास जागा. तुमच्याकडे रिमोट आणि पॉवर एकत्र पिळलेल्या दिसतात का बघा.

हाच प्रकार स्टिरिओच्या बाबतीत पण खूप ठिकाणी असतो. पिवळी वायर कायम चालू, मेमरीसाठी, आणि लाल वायर चावीवर. चावी न लावता गाणी ऐकायला मिळावीत म्हणून दोन्ही एकत्र जोडतात आणि मग स्टिरिओ बटणाने बंद केला तरी आतून पूर्ण झोपत नाही. ज्यांची गाडी हळूहळू बसते त्यांनी ॲक्सेसरीच्या दुकानात नवीन अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला असेल तर पहिल्यांदा हे बघा.

सातपूरकर:
हो हो, बरोबर, दोन्ही एकत्र पिळून टेप मारलेली आहे.

अण्णा_ऑटो_इलेक्ट्रिकल:
शाब्बास. वायर कापून सोडू नका. ॲम्प वापरायचा नसेल तर आधी निगेटिव्ह काढून मग बॅटरीच्या पॉझिटिव्ह नटाखालून ती वायर मुळापासून काढा. मधूनच कापली तर बॅटरीकडचं टोक जिवंत राहतं, कधीतरी टेप सुटून बॉडीला लागतं, आणि फ्यूज कापलेल्या जागेच्या पुढे असेल तर त्या वायरला कसलंच संरक्षण उरत नाही. जुन्या गाड्यांना आग लागायचं हे एक कारण आहे म्हणून कळकळीने सांगतोय. फायरवॉलच्या रबराचं भोक पण बंद करा, पावसाचं पाणी आत येतं.

आता बॅटरीबद्दल. ही नवीन असली तरी इतक्या वेळा तळाला गेली आहे, प्रत्येक वेळी प्लेटवर सल्फेट बसतं आणि थोडी ताकद कायमची जाते, म्हणून तुम्हाला गाडी चालवून आल्यावर पण १२.४ च दिसतं. गाडी चालवून ती पूर्ण भरणार नाही. बॅटरीवाल्याकडे एक दिवस ठेवा आणि सावकाश चार्ज करायला सांगा, ३५ एएच ला साडेतीन ॲम्पिअरने दहाबारा तास, घाईत मोठ्या करंटवर नको. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल बघून घ्या. चार्ज करून एक रात्र तशीच ठेवल्यावर १२.६ दाखवलं आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं नाही तर बॅटरी वाचली समजा. वॉरंटीचं कार्ड जपून ठेवा, यंदाच घेतलीय तर उपयोगी पडेल.

प्राची_ठाणे:
हा धागा वाचून खूप मदत झाली, माझं थोडं वेगळं आहे. गाडी २०११ ची, मी कामासाठी महिना महिना बाहेर असते, गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी. जीपीएस ट्रॅकर बसवलाय. काल वर सांगितलं तसं मोजलं तर ४८ मिलिॲम्प आलं, ट्रॅकरचा फ्यूज काढला तर २१. अण्णा म्हणतात ५० पर्यंत नॉर्मल, मग माझी बॅटरी का बसते? आईबाबा आठवड्याला खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू करतात तरी.

अण्णा_ऑटो_इलेक्ट्रिकल:
ताई, ५० नॉर्मल हे रोज चालणाऱ्या गाडीसाठी. महिन्याचा हिशोब करा, महिन्यात ७२० तास, ४८ मिलिॲम्प म्हणजे साडेचौतीस एएच गेले. तुमची बॅटरी ३५ ची असेल तर महिन्यात पूर्ण रिकामी, आणि सेल्फ तर त्याच्या खूप आधी लागायचा थांबतो. ट्रॅकर नसेल तर २१ ने पंधरा एएच, म्हणजे महिन्यानंतर निम्म्याच्या थोडी वर राहते, चांगल्या बॅटरीवर गाडी चालू होईल. म्हणजे तुमच्याकडे बिघाड काहीच नाही, फक्त उभं राहणं जास्त आहे.

पाच मिनिटं जागेवर चालू करून फारसं काही होत नाही. आयडलवर अल्टरनेटर कमी देतो, त्यात आईबाबा एसी किंवा दिवे लावत असतील तर जे मिळतं ते तिथेच संपतं, आणि थंड इंजिन पाच मिनिटांत बंद केलं की सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. दहापंधरा दिवसांनी अर्धा पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणता येत असेल तर ते सगळ्यात उत्तम. आईबाबांना जमत नसेल आणि बेसमेंटमध्ये प्लग पॉइंट असेल तर मेन्टेनन्स चार्जर मिळतो, तो बॅटरी भरली की आपोआप साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो, कायम लावून ठेवला तरी चालतो. साधा गॅरेजचा चार्जर मात्र असा लावून जायचं नाही.

प्लग नसेल तर जाताना निगेटिव्ह काढून ठेवा. ट्रॅकर त्याच्या आतल्या छोट्या बॅटरीवर थोडा वेळ चालेल आणि मग बंद होईल, ते तुम्हाला चालतंय का बघा. काढायच्या आधी दोन गोष्टी, काही स्टिरिओंना बॅटरी काढली की कोड मागायची सवय असते तर कोड पुस्तकात आहे ना ते बघा, आणि सेंट्रल लॉक रिमोटने चालणार नाही म्हणून चावीने दार उघडतं का ते आधी एकदा फिरवून बघा. वर्षानुवर्षं रिमोटच वापरला असेल तर चावीचं लॉक जाम झालेलं असतं.

प्राची_ठाणे:
बेसमेंटला प्लग आहे पण सोसायटीची परवानगी लागेल, विचारते. चावीचं लॉक आत्ता बघून आले, खरंच जाम आहे.

मुळशी_राइडर:
ग्राफाइट पावडर टाका त्यात ताई, तेल नको, तेलाने धूळ चिकटून पुन्हा जाम होतं. किल्लीवाल्याकडे मिळेल.